पाचपैकी किती विश्वास, महोदय?

प्रति,
माननीय मूल्यमापक महोदय,
संयुक्त संशोधन व विकास जाळ्यांचे कार्यमापन,
मुक्काम: जिथं गार हवा लागते तिथं.



आपण चंद्रपूर-गडचिरोलीच्या या आडरानात पायधूळ झाडून गेलात, त्याबद्दल आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. नागपूरला विमानातून उतरायचं, उमरेड-भिवापूर करत नागभीडपर्यंत खड्डे मोजत यायचं आणि वर आमच्यासारख्यांचं काम मोजायचं, ही साधी गोष्ट नव्हे. वाटेत ताडोबा लागलं नसतं तर साहेब आले असते का, अशी शंका आमच्यातले काही कोत्या मनाचे लोक घेतात. आम्ही घेत नाही. वाघ दिसला की नाही ते मात्र अहवालात आलेलं नाही. तो भागीदारांच्या यादीत नसल्यामुळे राहून गेलं असेल.

पत्र खुलं लिहितो आहे, त्याची आधी माफी मागतो. आपल्या पोर्टलवर ‘इतर अभिप्राय’ अशी एक चौकट आहे, पन्नास शब्दांची. आम्ही तिथं मराठीत लिहिलं, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. आमचं म्हणणं आपल्यापर्यंत कसं पोचतं, हे इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारं यंत्र आम्ही दुसरं पाहिलेलं नाही.

अहवाल मिळाला. छपाई सुरेख आहे. मुखपृष्ठावर धानाची रोवणी करणाऱ्या बाईचा फोटो तर फारच छान. तिचं लुगड्याचं नेसणं पाहून ती आमच्याकडची नाही, एवढं आमच्या बायकांनी लगेच सांगितलं. पण एवढ्या लांबून येऊन ती बिचारी आमच्या जाळ्यात सामील झाली, याचा आम्हाला आनंदच आहे.

आतल्या पानावर आपण आमच्या जाळ्याचा नकाशा काढला आहे. प्रत्येक संस्था म्हणजे एक ठिपका, दोन संस्थांमधला पत्रव्यवहार म्हणजे एक रेघ आणि ज्याला रेघा जास्त तो ठिपका मोठा. सगळ्यात मोठा नारिंगी ठिपका बरोब्बर मधोमध आहे आणि तो आपल्याच कार्यालयाचा आहे. मनःपूर्वक अभिनंदन! आम्ही सगळे आपल्याला सतत ईमेल करत होतो हे खरंच आहे. बिल कधी मंजूर होईल, हप्ता कधी सुटेल, पासवर्ड का चालत नाही, असे ते ईमेल होते. इतक्या लोकांच्या अडचणींचं केंद्रस्थान होण्याचं भाग्य फार थोड्या कार्यालयांना लाभतं.

ज्या गावांत प्रत्यक्ष प्रयोग झाले, ती नकाशाच्या कडेला मोहरीएवढी आहेत. त्यांच्याकडून एकही ईमेल आला नाही. तिथं टॉवर नाही, हे कारण आम्ही कळवलं होतं. आपण ते ‘संप्रेषणातील उणीव’ म्हणून नोंदवलंत आणि उणीव गावाच्या नावावर चढवलीत. आपल्या न्यायबुद्धीपुढे काय बोलावं?

एक बारीकशी विचारणा करू का, राग येणार नसेल तर? आपल्या रेघांना बाण का नाहीत? म्हणजे या टोकाकडून त्या टोकाला काय गेलं आणि तिकडून इकडे काय आलं, ते कसं कळायचं?

उदाहरण म्हणून, आपला खोळंबा होत नसेल तर, आमच्याच भागातली एक जुनी रेघ दाखवतो. तिच्या एका टोकाला नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव आहे. मराठवाड्यातलं नव्हे, आमचं. तिथं दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध पेरल्या आणि रानडुकरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काट्या लावल्या. मग दरवर्षी निवड, पुन्हा पेरणी, पुन्हा निवड. संशोधन प्रस्ताव नाही, सल्लागार समिती नाही, उद्घाटनाची फीत नाही. आपल्या प्रपत्रात असल्या प्रयोगाला रकानाच नाही, हे आम्ही समजून घेतो.

तांदूळ बारीक, खायला गोड आणि उतारा चांगला. १९९० च्या सुमारास तळोधीच्या बाजारात तो व्यापाऱ्यांच्या हाती पडला. वाणाला नाव नव्हतं, म्हणून त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला चिकटलं, एचएमटी. आपण जेवणात नाक मुरडून ‘कोलम नाही का?’ असं विचारलंत आणि मग दोनदा भात घेतलात, तो हाच बरं का.

आता रेघेचं दुसरं टोक. १९९४ साली सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. पाच किलो म्हणजे एखाद्या लग्नाच्या अक्षतांना जेमतेम पुरेल एवढं धान. १९९८ साली विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावानं वाण बाहेर काढलं. आम्ही निवडीनं शुद्ध केलेलं हे बियाणं आहे, असं विद्यापीठाचं म्हणणं. शुद्ध केलंही असेल. तेही काम आहेच आणि कष्टाचं आहे. पण विद्यापीठाची ‘पीकेव्ही’ ही तीन अक्षरं ज्या नावाला लागली, त्या नावात नांदेडच्या माणसाचं एक अक्षर नव्हतं. श्रेय मिळालं नाही, मोबदला मिळाला नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

समजा, आपण १९९८ सालीच मूल्यमापनाला आला असतात. दादाजींच्या घरापासून सिंदेवाहीपर्यंत आपण किती जाड रेघ ओढली असती! विद्यापीठ आणि शेतकरी यांचं सहकार्य: उत्कृष्ट. ज्ञानाचं हस्तांतरण: पूर्ण. प्रसारित वाण: एक. आणि त्यात खोटं काही नसतं. हस्तांतरण खरोखरच पूर्ण झालं होतं.

शेतकऱ्यालाही वाणाचा पैदासकार मानणारा कायदा देशात २००१ साली झाला. तोवर विद्यापीठाचं वाण तीन वर्षं बाजारात होतं. २००५ च्या जानेवारीत नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार दादाजींना राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० साली ‘फोर्ब्स’नं त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. राज्य सरकारनंही सुवर्णपदक दिलं. अडचणीत ते विकायची वेळ आली तेव्हा त्यात सोनं किती, हा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. सन्मान सगळे आले, महोदय. पाच किलोंचा हिशेब तेवढा आला नाही.

म्हणून बाणाचं विचारलं. बाकी आपल्या नकाशाला नावं ठेवण्याची आमची काय प्राज्ञा!

आता आपल्या गटचर्चेबद्दल आभार. आपण रोवणीच्या ऐन भरात आलात. प्रपत्रात ‘महिला सहभाग किमान ४० टक्के’ असं होतं, म्हणून आम्ही बायकांना बांधीतून बोलावलं. त्या चिखलाच्या पायांनी समाजमंदिराच्या फरशीवर येऊन बसल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. आपण खर्चाच्या तक्त्यात ‘सहभागींचा वेळ: निःशुल्क’ असं लिहिलंत. आपल्या स्वतःच्या वेळाचा दर शेजारच्याच ओळीत आहे, तो वाचून बायकांना आपल्याबद्दल फार आदर वाटला.

त्या दिवशी आपल्या सहायकानं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला प्रश्न केला: ‘भागीदारांमधील परस्पर विश्वास, एक ते पाच.’ एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण. म्हाताऱ्यानं विचारलं, ‘कोनाचा कोनावर जी?’ सहायक म्हणाला, तुमचा संस्थांवर. ‘आनि त्याईचा आमच्यावर?’ सहायकानं कागद उलटसुलट केला. तसा रकाना नव्हता. म्हातारा म्हणाला, ‘मंग अर्धाच इस्वास इचारता का जी?’

सहायक हुशार आहे. अर्धा म्हणजे अडीच, पण अडीच हा आकडा पोर्टल घेत नाही, म्हणून त्यानं तीन लिहिले. अहवालात आपण म्हणता: ‘परस्पर विश्वासाची पातळी समाधानकारक.’ पोर्टलला दशांश चिन्ह कळलं असतं, तर आमचा विश्वास एका झटक्यात कमी झाला असता. वाचलो!

कार्यशाळांच्या आकड्यानं तर आमची छाती फुगली. मूल गावात एक कार्यशाळा झाली होती. बांबूवरची. तिथं पाच संस्था हजर होत्या, पाचही जणींनी ती आपापल्या वार्षिक अहवालात लिहिली आणि आपण पाचही अहवालांची बेरीज केलीत. एका दुपारीत पाच कार्यशाळा! आणि प्रशिक्षित लाभार्थी तर एवढे झाले की तेवढी माणसं त्या सभागृहात उभी करायची म्हटली तर एकमेकांच्या खांद्यांवर करावी लागतील.

भागीदारांनी एकमेकांना दिलेले गुणही आपण मोठ्या विश्वासानं छापलेत. प्रत्येकानं प्रत्येकाला चार. कुणीच पाच दिले नाहीत, कारण ते खोटं वाटलं असतं. कुणीच तीन दिले नाहीत, कारण पुढच्या प्रस्तावावर त्याच मंडळींच्या सह्या लागणार आहेत. ‘गुणांमधील सातत्य हे जाळ्याच्या परिपक्वतेचे लक्षण’ हे आपलं वाक्य आम्ही कार्यालयात फ्रेम करून लावायच्या विचारात आहोत.

रक्ताचा विषय काढू नये असं वाटत होतं, पण आपण अहवालात तो ‘यशोगाथा’ म्हणून घातलात. सिकलसेलच्या तपासणीसाठी बाहेरचा एक चमू आमच्या कामातल्या एका गावात आला आणि पोरांची रक्तं घेऊन गेला. आपल्या तक्त्यात ‘नमुना संकलन: १०० टक्के साध्य’ असं हिरव्या रंगात आहे. त्या गावातल्या आया अजून आम्हाला विचारतात, पोराच्या रक्ताचं काय निघालं? निकाल घरी पोचवणं हे ‘साध्य’ म्हणून कुठं लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे ते राहिलं असंही म्हणता येत नाही. आपण रंग हिरवा निवडलात तो बरा केलात. लाल निवडला असता, तर उगाच रक्त आठवलं असतं.

आपल्याला तीन वर्षांचा कालखंड आवडतो. तीन वर्षांत गुंतवणूक, तीन वर्षांत फळ. आम्हालाही आवडला असता, पण आमच्याकडच्या गोष्टी जरा मंद आहेत. लहान तोंडी मोठा घास घेऊन सांगतो.

गडचिरोलीत १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून त्यांनी स्त्रीरोगांवरचा अभ्यास केला, तो १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना कसला ना कसला आजार निघाला आणि त्यांतल्या बहुतेकींची आधी कधी तपासणीच झालेली नव्हती. पुढे नवजात बाळांचा प्रश्न घेतला. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ते ऊबेत ठेवायचं, श्वास घेत नसेल तर द्यायचा, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही द्यायचं. गावातल्या बाईच्या हाती सुई, या कल्पनेनंच त्या वेळी अनेक तज्ज्ञांना घाम फुटला होता. नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

मग आपण ज्याला जाळं म्हणता ते झालं. महाराष्ट्रातल्या सात स्वयंसेवी संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात हीच पद्धत आपापल्या भागात करून पाहिली. गडचिरोलीत बंगांच्या नजरेखाली जमलं ते त्यांच्या गैरहजेरीत, दुसऱ्यांच्या हातून, दुसऱ्या मातीत जमतं का? नवजात मृत्यू तिथंही निम्म्यावर आले. जाळ्याची परीक्षा म्हणतात ती ही, असं आमचं अडाणी मत आहे. आणि २०११ साली केंद्र सरकारनं देशभरच्या आशा सेविकांना हे काम दिलं: बाळाच्या घरी सहा-सात फेऱ्या, मानधन २५० रुपये.

१९९३ ते २०११. अठरा वर्षं. आपल्या तीन वर्षांच्या हिशेबानं आपण सहा वेळा आला असतात आणि निदान पहिल्या दोन खेपांना ‘अपेक्षित परिणाम दिसून येत नाही’ असं लिहून ताडोबाला गेला असतात. बाळं तोवर जगत राहिली असती, ही गोष्ट वेगळी.

‘सर्च’मधलीच आणखी एक वस्तू आपण पाहायला हवी होती. न्यूमोनियाचं निदान करायचं तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. गावातल्या दाईला तेवढे आकडे येत नाहीत आणि तिच्याकडे घड्याळही नाही. म्हणून एक साधन केलं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर बोट आलं, तर पोराला न्यूमोनिया. कमी वयाच्या बाळाचा श्वास मुळातच जलद, म्हणून त्याच्यासाठी मण्यांची ओळ वेगळी.

महोदय, आपल्या भाषेत याला ‘निर्देशक’ म्हणतात ना? आपल्या प्रपत्रात ते एवढे आहेत की मोजता मोजता आमचा लेखनिक दमला. या दाईच्या हातात एकच होता. तो तिला वाचता येत होता आणि लाल मणी आला की लगेच काय करायचं ते तिला ठाऊक होतं. आपले सगळे निर्देशक भरून झाल्यावर काय करायचं असतं, तेवढं कृपा करून एकदा कळवा. आम्ही दरवर्षी भरून पाठवतो आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा येतात.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला आपण धावती भेट दिलीत. जागतिक कीर्तीचं गाव, दौऱ्यात नको कसं? तिथल्या ग्रामसभेत गावाचे नेते देवाजी तोफा यांच्यासोबत फोटो झाला. तिथला अभ्यासगट मात्र आपल्याला भेटला नाही, कारण त्याला फलक नाही, कार्यालय नाही, नोंदणी क्रमांक नाही. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांसोबत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून तो चालवला. बसायचं, कायदा वाचायचा, जंगलात काय वाढतंय आणि काय तोडायचं यावर बोलायचं, बाहेरच्या जाणत्याला बोलावून विचारायचं. अभ्यासगटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सगळ्यांचं एकमत झाल्यावर. ज्याला पटत नाही त्याचं ऐकत बसायचं, मग कितीही बैठका होवोत.

आपल्या मोजमापात हे सगळं ‘निर्णयप्रक्रियेतील विलंब’ या सदरात जाईल. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी गावानं विकलेल्या बांबूला वाहतुकीचा परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. विलंबाचं म्हणाल तर झालाच. पण त्या पुस्तकावर शिक्का कोण मारणार, याचं उत्तर गाव कित्येक वर्षं आधी शिकून बसलं होतं.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचंही तसंच. वनहक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेनं तेंदूपानांचा व्यवसायच बंद केला, कारण पानांसाठी झाडं छाटावी लागतात, जंगलाला आगी लावल्या जातात. हाती येणारा पैसा त्यांनी अभ्यास करून सोडला. आपल्या प्रपत्रात ‘उत्पन्नातील वाढ’ आहे. ‘न कमावण्याचा निर्णय’ कुठं भरायचा, तेवढं सांगा.

आपण परदेशातल्या उत्तम पद्धती आणल्या आहेत, असं प्रस्तावनेत वाचलं. धन्य वाटलं. म्हणून आम्हीही जरा चौकशी केली. युरोपात सरकारी पैशावर उद्योग आणि विद्यापीठं यांची संयुक्त संशोधनं फार. मँचेस्टरच्या अभ्यासकांनी १९९५ च्या सुमारास म्हटलं की पैसा किती घातला आणि शोधनिबंध किती निघाले एवढ्यावर थांबू नका. हा पैसा नसता तर हे घडलं असतं का? आणि पैसा संपल्यावर या मंडळींची काम करण्याची रीत बदललेली राहिली का? दुसरा प्रश्न आम्हाला फार आवडला. आपण विचारला असतात, तर निदान दोन संस्थांनी खरं सांगितलं असतं की पैसा संपल्या दिवसापासून आम्ही एकमेकांचा फोन उचललेला नाही.

२०१५ साली ‘नेचर’मध्ये लायडेन जाहीरनामा आला. संशोधनाचं मोजमाप कसं करावं याची दहा तत्त्वं त्यात आहेत. आकडे जाणकाराच्या विचाराला मदत म्हणून वापरा, त्याच्या जागी नको. स्थानिक गरजेच्या संशोधनाला जपा, मग ते इंग्रजीत नसलं तरी. आणि ज्यांचं मोजमाप करता त्यांना त्यांचे आकडे तपासू द्या. हे शेवटचं वाचून आम्ही आपल्या कार्यालयात फोन केला. कळलं की आकडे गोपनीय आहेत. आमचेच आकडे, आमच्यापासून! एवढी काळजी तर आमच्या आयांनीही घेतली नाही.

एक खरंखुरं सांगतो, त्यात उपरोध नाही. मूल्यमापन हवंच. आमच्यातल्याही काही संस्था नुसत्या फलकावर जगतात आणि काही प्रयोग फसूनही पुढच्या प्रस्तावात ‘यशस्वी’ म्हणून उभे राहतात. कोणी तरी बाहेरून येऊन कान धरायला हवा. राज्यातल्या संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ या अभ्यासासाठी गावोगाव बालमृत्यू मोजले, ते सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले आणि २००१ साली सरकारला ऐकावं लागलं. मोजण्याची भीती आम्हाला नाही. आपण फक्त मोजता काय, तेवढं विचारतो आहे: कोण कोणाशेजारी बसला ते, की उठताना कोण काय घेऊन गेला ते?

तेव्हा पुढच्या खेपेला काही लहानशा विनंत्या. रेघांना बाण काढावेत. गावातून जे नेलं, मग ते बी असो, रक्त असो की नुसती माहिती, ते परत कधी आणि कोणत्या रूपात आलं, यासाठी एक रकाना असावा. फसलेल्या प्रयोगासाठी एक पान असावं आणि ते भरणाऱ्याचा हप्ता कापू नये. पाच वर्षांनी, पैसा थांबल्यावर, एकदा न सांगता यावं. अहवालाचं मराठी करावं. आणि रोवणी टाळावी. दिवाळीनंतर धान कापून-चुरून झालं की माणसं बोलायला मोकळी असतात, भातही नवा मिळतो.

आपण जाताना त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपल्याला घरच्या धानाची एक पिशवी दिली होती. गावरान वाण आहे, त्याच्या वडिलांपासूनचं. शिजवून खाल्लं असेल तर उत्तमच. कुणा संशोधक मित्राला दिलं असेल, तर तो काय नाव ठेवतो ते जरा कळवावं.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला नम्र,
नकाशाच्या कडेचा एक ठिपका

ता. क. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मंजूर झाल्यावरच सुटेल आणि भागीदारांचा समाधान-अभिप्राय जोडल्याशिवाय अहवाल मंजूर होणार नाही, असं आपल्या कार्यालयातून कालच कळलं. तो सोबत जोडला आहे. सगळ्या प्रश्नांना पाचपैकी पाच दिले आहेत. रक्कम कृपया संस्थेच्या जुन्याच खात्यात जमा करावी.